व्यंकट कधीच पोलवर चढला नाही

आमच्या गावात लाईट गेली की लोक वीज कंपनीला फोन करायचे नाहीत, व्यंकटच्या दारात जाऊन उभे राहायचे. तो जेवत असला तरी कुणाला धीर नसायचा. "व्यंकट, एक फेज गेलाय," एवढं कानावर पडलं की तो ताटावर ताट झाकून उठायचा, खिळ्याला लटकवलेली पकड घ्यायचा, खुंटीवरचं लाल फडकं खांद्यावर टाकायचा आणि निघायचा. एकोणीस वर्षं हे असंच चाललं.

अशा माणसाला आमच्याकडे झिरो वायरमन म्हणतात. मुरूम गावापासून आत असलेल्या आमच्या भागात नऊ गावांना मिळून एकच लाईनमन, अमरसिंह. नऊ गावं, एक मोटारसायकल आणि दुखणारे गुडघे. मग प्रत्येक गावात त्यांनी एकेक धीट माणूस हाताशी धरला. कंपनीच्या दप्तरात या माणसाचं नाव नसतं, हजेरी नसते, हातमोजेही नसतात. पोलवर मात्र तोच चढतो. सुगीत घरटी पायलीभर ज्वारी, तूर निघाली की थोडी तूर, हीच त्याची कमाई.

व्यंकट नववीत नापास झाला आणि विहिरींकडे लाईन ओढायला आलेल्या टोळीत खड्डे खणायला लागला. टोळी गेली, पण विद्या याच्या हातात राहिली. अंगानं काटकुळा, बोलायला कमी. पण गावातली कुठली तार कुठून येते, कुठल्या पोलवरचा जंप कधी बदलला, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगायचा. जंप म्हणजे दोन तारांना जोडणारा छोटा तुकडा. वारं सुटलं की आधी तोच जळतो.

त्याची कामाची एक रीत होती, ती त्यानं कधी मोडली नाही. आधी सबस्टेशनवरच्या सिदूला फोन: "सिदू, बंद कर." सिदू म्हणायचा, "केलं." यावर व्यंकटचा विश्वास नसायचा. मग त्याची बायको महानंदा शिवप्पाच्या पिठाच्या गिरणीत जाऊन बटण दाबायची आणि गिरणी हलली नाही की तिथूनच ओरडायची, "गिरणी गप हाय!" मग तो ट्रान्सफॉर्मरजवळच्या स्विचच्या दांड्याला लाल फडकं बांधायचा. हे फडकं महानंदाच्या लग्नातल्या लुगड्याचं. दांड्याला फडकं दिसलं की वर माणूस आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एकोणीस वर्षांत फडकं असताना त्या दांड्याला कुणी बोट लावलं नाही.

माझी मुलगी वैष्णवी लहानपणी त्या पोलखाली मान वर करून उभी असायची. मी ओढून आणायची, ती पुन्हा जायची. बारावीनंतर तिनं आयटीआयला वायरमनचाच ट्रेड घेतला. वर्गात मुली दोन. मी आठ दिवस तिच्याशी नीट बोलले नाही. मी बी.ए. झालेली, मला वाटायचं पोरीनं डी.एड. करावं. व्यंकट मात्र हरखला. आमच्या अंगणात जुना मीटरबोर्ड मांडून तो तिला शिकवायचा.

"वैष्णवे, आधी बंद. मग खात्री. मग पुन्ना खात्री. मग हात."

"काका, पुस्तकात खात्री एकदाच लिहिलीय."

"पुस्तक ल्हिणारा वर चढत न्हाय."

दोन वर्षांपूर्वी गावच्या गायरानावर सौर प्रकल्प आला. केंद्राची योजना, राज्याची योजना, दोन्हींची नावं फलकावर होती. मांडव उभा राहिला, भाषणं झाली. तिकडं तुळजापूरला रेल्वे येतेय, वाशी-भूमच्या डोंगरांवर पवनचक्क्या फिरतायत, आता आपल्या गावचं ऊनही कामाला लागणार, असं पाहुणे म्हणाले. शेतीला दिवसा वीज मिळणार म्हणाले, आणि ती खरोखर मिळाली. वैष्णवीचे बाबा आता रात्री बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जात नाहीत. सापाच्या भीतीनं मी जागी राहायची, ते संपलं. यात मी खोटं बोलणार नाही.

त्याच फलकावर खाली लिहिलं होतं: स्थानिकांना रोजगारात प्राधान्य.

पॅनेल ट्रकमधून आले, ते बसवणारे लोकही बाहेरून आले. गावच्या पोरांना खड्डे आणि कुंपण मिळालं. लाईन कुठून न्यायची हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून साईटचे साहेब व्यंकटला जीपमध्ये बसवून शिवारभर फिरले. नकाशावर नसलेले सात पोल त्यानं त्यांना दाखवले. साहेब म्हणाले, "व्यंकटजी, आप तो यहाँ के चीफ इंजिनियर हो." हे वाक्य व्यंकटनं घरी येऊन महानंदाला तीनदा सांगितलं.

महानंदाला ते पुरलं नाही. मागच्याच वर्षी शेजारच्या गावातला झिरो वायरमन पोलवर चिकटून गेला होता. पंचनाम्यात त्याला 'अनधिकृत इसम' लिहिलं. बायकोला काही मिळालं नाही ते नाहीच, वर लोकांत बोलणं झालं की तो तार चोरायला चढला होता. महानंदा ती मयत करून आली आणि त्याच दिवशी तिनं नवऱ्याला सांगितलं, "गळ्यात कार्ड घाला, न्हायतर ते फडकं चुलीत घालते."

प्रकल्पावर तंत्रज्ञाच्या दोन जागा स्थानिकांसाठी होत्या. एका संध्याकाळी दोघं नवरा-बायको आमच्या ओसरीवर येऊन बसले.

"वहिनी, अर्ज ल्हून द्या. तुमचं अक्षर चांगलंय."

"भावजी, आयटीआयचं सर्टिफिकेट मागतील."

"ते न्हाय. पण काम तर हाय. काम ल्ह्या."

"आन् वैष्णवीचाबी फॉरम टाका," महानंदा म्हणाली. "जागा दोन हायत. चुलता-पुतणी एकाच गाडीवर जातील."

मग तो सांगत गेला आणि मी लिहीत गेले. शिवप्पाच्या विहिरीजवळचा पोल वादळात वाकला, तो कुणी उभा केला. दहावीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी ट्रान्सफॉर्मर जळला, तो बैलगाडीतून कुणी आणला. कुठल्या महिन्यात, कुठल्या पोलवर, काय काम. त्याच्या तोंडातून तारखा अशा येत होत्या, जशा बायकांच्या तोंडून पोरांच्या जन्माच्या येतात. फुलस्केपचे दोन कागद भरले. मला स्वतःलाच अर्जाचं कौतुक वाटलं. इतक्या वर्षांनी शिक्षणाचा काहीतरी उपयोग झाला असं वाटलं.

आणि मग माझ्या हातून ते झालं. आमच्या कॉलेजच्या सरांनी शिकवलं होतं की अर्जाला वजन यायचं तर खाली प्रती लिहाव्यात. माझे वडील तहसीलमध्ये कारकून होते, तेही तसंच करायचे. मी शेवटी लिहिलं: प्रत माहितीसाठी, सरपंच, ग्रामपंचायत. प्रत माहितीसाठी, वीज कंपनी, शाखा कार्यालय. व्यंकटनं विचारलं, "हे कशाला?" मी म्हटलं, "असतं तसं. दोन ठिकाणी कळलं म्हणजे कुणी दाबून ठेवत नाही." तो मान हलवून सही करून गेला. तीन पाकिटं मीच केली. पोस्टात वैष्णवीचे बाबा टाकून आले.

पंधरा दिवसांनी अमरसिंह गावात आले, ते थेट व्यंकटच्या घरी. मला बोलावणं आलं. जाऊन बघते तर ते बाजेच्या कडेला बसलेले, पाण्याचा तांब्या तसाच भरलेला. हातात कारणे दाखवा नोटीस. तिच्याबरोबर माझ्या अर्जाची झेरॉक्स, आणि त्यात प्रत्येक तारखेखाली कुणीतरी लाल शाईनं रेघ ओढलेली. एकोणीस वर्षं कंपनीच्या खांबांवर परका माणूस चढतो आणि लाईनमन काय करतो, असा प्रश्न होता. व्यंकटवर गुन्हा दाखल करायचा का, तेही विचारलं होतं.

"वहिनी, तुमी शिकलेल्या," अमरसिंह मला म्हणाले. "एवढं बारीक कशाला ल्हिलं?"

मी ती झेरॉक्स उलटी करून बाजेवर ठेवली.

"व्यंकट, माझी दोन वर्षं राह्यली रे पेन्शनला," ते म्हणाले. आवाज असा की मला भिंतीकडे बघावं लागलं.

शाखा कार्यालयातल्या साहेबांनी एक वाट सुचवली होती. व्यंकटनं स्टॅम्पपेपरवर हमीपत्र द्यायचं. ते कुणी लिहायचं? पुन्हा मीच, अक्षर चांगलं म्हणून. अमरसिंहांनी मजकूर आणला होता: मी आजपर्यंत वीज कंपनीच्या कोणत्याही खांबावर अगर रोहित्रावर चढलेलो नाही. कोणतेही काम केलेले नाही. यापुढे करणार नाही. यापूर्वीच्या अर्जातील मजकूर गैरसमजातून लिहिला गेला आहे.

लिहिताना मी एकदा थांबले. म्हटलं, "भावजी, नको वाटलं तर बघा."

त्यानं अमरसिंहांकडे बघितलं. मग म्हणाला, "अण्णांनीच मला पह्यल्यांदा वर चढवलं. सोता खाली हात पसरून उभं व्हते. ल्ह्या वहिनी."

महानंदा दारात उभी होती. ती म्हणाली, "म्हंजे एवढी वर्षं माझा नवरा रातच्याला कुठं जात व्हता म्हणायचा?" तिला हसायचं होतं, पण ते जमलं नाही. ती चुलीकडं गेली.

वैष्णवीला तंत्रज्ञाची नोकरी लागली. दुसरी जागा बाहेरच्या तालुक्यातल्या मुलाला गेली. मला पेढे वाटायचे नव्हते, पण व्यंकटच दोन पेढे मागून घेऊन गेला. महिन्याभरानं अमरसिंहांनी कुणाकुणाला सांगून त्याला तिथंच ठेकेदाराकडे लावलं. काम पॅनेल धुण्याचं आणि त्यांच्याखालचं गवत कापायचं. गळ्यात कार्ड आलं. त्यावर फोटो, नाव आणि 'हेल्पर - स्वच्छता'. तारांच्या यार्डाला जाळीचं दार आहे, त्याच्या आत जायला त्याला मनाई. वैष्णवी आत, तो बाहेर. ती घरी येऊन सांगायची, "आई, आमच्याकडे काम करायच्या आधी स्विचला कुलूप घालून लाल पट्टी अडकवतात. हे तर काकांचं फडकंच आहे." तिनं हे त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "चांगलंय. फडकं वाऱ्यानं सुटतं, कुलूप न्हाय सुटत."

मी त्याला एकदा रस्त्यात गाठून म्हटलं, "भावजी, पोरीवर लक्ष ठेवा."

"लांबूनच ठेवावं लागतं वहिनी," तो म्हणाला.

यंदा वैशाखात अवकाळी आली. तासभर वारं असं की पत्रे उडाले, आणि गावची लाईट गेली. प्रकल्प चालू होता. गावाच्या कुशीला तेवढी वीज तयार होत होती, पण ती आमच्या घरांच्या तारांतून येत नाही, तिची वाट वेगळी. गावाची तार कुठंतरी तुटली होती. लोक सवयीनं व्यंकटच्या दारात.

"व्यंकट, चल."

"मला येता येत न्हाय. अण्णांना फोन करा."

"तो अण्णा कवा यायचा? नऊ गावं हायत त्याला. नळाला पाणी न्हाय."

"ल्हून दिलंय म्या."

"आता कार्डवाला झालाय बाबा," कुणीतरी म्हणालं. "आपल्या ज्वारीवर वाढला, आता ओळख देईना."

तो आत जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लोक, पुन्हा तेच. टाकी कोरडी, गिरणी बंद, फोन मेलेले. बायका लांबच्या हापशावर रांगेत. महानंदाला त्या रांगेत कुणी पुढं होऊ दिलं नाही, आणि मागंही कुणी तिच्याशी बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अमरसिंह आले. बिघाड गिरणीजवळच्या पोलवर निघाला. छप्पन्न वर्षांचा माणूस, कमरेला दोर बांधून हळूहळू चढला. निम्मं गाव खाली. व्यंकट कामावर निघालेला, गळ्यात कार्ड, खांद्यावर सवयीनं तेच लाल फडकं, सायकल धरून रस्त्यावर थांबला.

वरून अमरसिंह ओरडले, "व्यंकट, कुठला जंप रे? गिरणीकडचा का वस्तीकडचा?"

व्यंकट म्हणाला, "मला काय म्हाईत अण्णा. म्या कधी पोलवर चढलोच न्हाय."

पोरं हसली. अमरसिंह हसले नाहीत. व्यंकटही हसला नव्हता. पण तो गेला नाही. सायकल भिंतीला लावून त्यानं विचारलं, "सिदूला सांगितलं का?" वरून उत्तर आलं, "केलाय फोन." तोवर महानंदा घागर खाली ठेवून गिरणीत शिरली होती. आतून तिचा आवाज आला, "गिरणी गप हाय!" शिवप्पा म्हणाला, "अगं, लाईटच न्हाय तीन दिस, गप न्हाय तर काय गाणं म्हणंल?" तरी सगळ्यांना बरं वाटलं.

"बांध की फडकं दांड्याला," शिवप्पा म्हणाला.

"दांड्याला हात लावायचा न्हाय मला."

मग व्यंकट स्वतःच समोरच्या ट्रान्सफॉर्मरजवळच्या त्या दांड्यापुढं जाऊन उभा राहिला, दांड्याकडे पाठ करून, फडकं खांद्यावर. त्या उन्हात दीड तास. अमरसिंहांचा हात चुकीच्या तारेकडे गेला की तो खाली खोकायचा, आणि वरचा हात थांबायचा. असं खोकत-खोकत काम झालं. गिरणी सुरू झाली तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या अमरसिंहांसाठी होत्या की व्यंकटसाठी, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्याच सकाळी मुक्कामाला आलेल्या एका पाहुण्या पोरीनं, शिवप्पाच्या भाचीनं, या सगळ्याचा व्हिडिओ काढला होता. तिनं तो प्रेमानंच टाकला. खाली लिहिलं: आमच्या गावचे खरे वायरमन, व्यंकटमामा, एकोणीस वर्षांचा अनुभव. फोन चार्ज झाले तसा तो या गटातून त्या गटात गेला. लोकांनी हात जोडले, फुलं टाकली. तो पाहताच मला कळलं, ही चूक मी आधी केली होती. मी त्या मुलीला फोन करून काढून टाक म्हणाले. तिनं काढला. तोवर तो जायचा तिथं गेला होता.

शाखा कार्यालयातून ठेकेदाराला पत्र आलं. हमीपत्राचा भंग, शिवाय दीड तास विनापरवाना गैरहजर. ठेकेदारानं सांगितलं, कार्ड गेटवर जमा करा. त्या दिवशी वैष्णवी घरी आली आणि चहा तसाच ठेवून बसून राहिली. म्हणाली, "आई, काकांनी कार्ड आधी पुसलं, मग दिलं."

आता व्यंकट शिवप्पाच्या गिरणीत दळण टाकतो. लाईट गेली की ते सगळ्यात आधी त्यालाच कळतं. पट्टा सैल पडतो, आवाज उतरत जातो. तो हातावरचं पीठ झटकून बाहेर येतो आणि ओट्यावर बसून पोलकडे बघतो. लोक आता त्याला बोलवत नाहीत. तेही शहाणे झाले, आणि आपण नको ते बोललो हेही त्यांना कळलंय. महानंदानं फडकं चुलीत घातलं नाही. ती एक दिवस आली आणि ते धुऊन घडी केलेलं माझ्या हातात ठेवून गेली. म्हणाली, "पोरीला द्या. आमच्या घरात आता त्याचं काम न्हाय." मी काही म्हणायच्या आत ती पायऱ्या उतरलीसुद्धा.

माझ्या अक्षरातले त्याच्यावरचे दोन कागद, अर्ज आणि हमीपत्र, कार्यालयाच्या फायलीत आहेत. खरा कागद खोटा ठरला आणि खोटा मान्य झाला. म्हणून हा तिसरा लिहिते आहे. याच्या खाली प्रत कुणालाच लिहिणार नाही.

प्रकल्पातल्या ट्रान्सफॉर्मरची दुरुस्ती सूर्य मावळल्यावरच करतात, दिवसा तो बंद ठेवून चालत नाही. त्यामुळे वैष्णवी आज अजून आली नाही. सव्वाअकराला मी फोन केला.

"बंद केलंय का?"

"केलंय आई. कुलूप घातलंय."

"खात्री केली?"

"केली."

"पुन्हा कर."

पलीकडे तिनं कुलूप ओढून बघितलं, त्याचा आवाज आला. मग म्हणाली, "करतेय. फडकंपण बांधलंय. साहेब हसले, पण बांधलंय." आणि फोन ठेवला. आता साडेबारा होत आलेत.